प्रकरण अकरा : तिसरी पट्टी

कूमाने पट्ट्या दोनदा मोजल्या. मग चष्मा काढून बाहीला पुसला, पुन्हा लावला आणि तिसऱ्यांदा मोजल्या.

“शूचेन, मुलं दोन आणि पट्ट्या तीन. तू चुकलीस की मी?”

“कोणीच नाही,” सुईत दोरा ओवता ओवता मा म्हणाली.

जेवणाच्या टेबलावर संत्र्यांची परडी बाजूला सारून काळ्या कापडाच्या तीन पट्ट्या ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येकीवर तागाच्या भरड कापडाचा बोटभर चौकोन शिवलेला. ताग फक्त मेलेल्याच्या मुलाला आणि मुलीला. रेमंडच्या मुलीची, म्हणजे नातीची, निळ्या तुकड्याची पट्टी वेगळी ठेवली होती. तिच्याबद्दल वाद नव्हता. मुलांचे बा, सुंग चिंगयुआन, जाऊन नऊ दिवस झाले होते. उद्या, शनिवारी सकाळी दहा वाजता, ज्यांच्या बाहीवर ताग असेल ते शवपेटीशेजारी रांगेत उभे राहणार होते आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या नमस्काराला वाकून उत्तर देणार होते.

“तिसरी शाओतेंगची,” मा म्हणाली.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉपवर बाचं जीवनचरित्र लिहीत बसलेल्या रेमंडची बोटं थांबली. सूयिन ओट्याशी उभी राहून उद्याच्या प्रसादासाठी पेअर धूत होती. तिनं नळ बंद केला.

“तो भाडेकरू?” कूमाने विचारलं. बाची ही थोरली बहीण एक्क्याऐंशीची. चार दिवसांपूर्वी तैपेहून उतरली, आणि उतरल्यापासून घरातला तांदळाचा डबा आणि सगळे रीतिरिवाज तिच्या ताब्यात होते.

“भाडेकरू कसला? चार वर्षं याच टेबलावर जेवला.”

“माझ्या घरी प्लंबर पण जेवतो. म्हणून मी त्याला ताग लावू? ऐक, उद्या अर्धं अल्हाम्ब्रा गाव येणार आहे. परक्याच्या बाहीवर ताग दिसला की लोक म्हणतील, सुंगचं दुसरं घर होतं. माझा भाऊ मेल्यावर बदनाम व्हायला नको.”

“बाला दुसरं घर सांभाळायला वेळ कुठे होता?” रेमंड म्हणाला. “रविवारीसुद्धा तो लोकांच्या घरांखाली असायचा. मला चालेल, कूमा. तेंगनंच मला गाडी शिकवली. बानं शिकवली असती तर मी अजून ब्रेकचं गणित सोडवत बसलो असतो.”

“तुला चालेल. तू धाकटा. तुझं काय जातंय?” कूमा सूयिनकडे वळली. “शाओतेंग सत्तेचाळीसचा, ही एकोणचाळीसची. ताग लावला की तो मुलगा झाला आणि मुलगा झाला की थोरला झाला. रांगेत पहिला तो. फोटो धरणार तो. ही दुसरी. तिला विचारलंय का कोणी?”

“तेच विचारते आहे,” मा म्हणाली. दोरा तिनं दातानं तोडला. “थोरल्यानं धाकट्यांना पट्ट्या लावायच्या असतात. आजपर्यंत या घरात थोरली सूयिन. तिन्ही पट्ट्या तिच्या हातात देते. तिसरीचं काय करायचं ते तिनं ठरवावं. मी काही बोलणार नाही.”

सूयिननं एक पेअर पुसला, मग दुसरा. तिला बोलायचं होतं ते असं पेअर पुसता पुसता बोलण्यासारखं नव्हतं.

ती चौदा वर्षांची असताना तेंग हाओरान, माचा शाओतेंग, सिचुआनहून एका सुटकेसनिशी आला आणि बानं तिची खोली त्याला दिली. ‘त्याला अभ्यास करायचा आहे,’ एवढंच कारण. जणू ती त्या खोलीत पतंग उडवत होती. ती रेमंडच्या खोलीत पलंगाच्या वरच्या मजल्यावर चढली आणि कॉलेजला जाईपर्यंत तिथंच राहिली. तेही चाललं असतं. पण दोन हजार आठच्या मे महिन्यात, पाच वर्षं खपून ती डॉक्टरेट घेत होती त्या आठवड्यात, सिचुआनमध्ये भूकंप झाला. तेंगची आई ढिगाऱ्याखाली होती. बा विमानात बसला आणि तेंगबरोबर गेला. समारंभाच्या फोटोत सूयिनच्या एका बाजूला मा आहे, दुसऱ्या बाजूला रेमंड आहे आणि मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा आहे. मरत्या आईपुढे टोपी-झग्याचं काय घेऊन बसायचं, हे तिला तेव्हाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच कधी कोणाशी भांडता आलं नाही.

“उद्यापर्यंत सांगते,” ती म्हणाली.

“मग आता एक काम कर,” मा म्हणाली. “पेटीत त्याच्या वापरातल्या वस्तू ठेवायच्या आहेत. चष्मा घेतला. टॉर्च आणि गुडघ्याचे पॅड आण. कपाटाखालच्या झडपेशी असतात.”

“आणि च्ये,” रेमंड म्हणाला, “जाता जाता हे ऐक.” बहिणीला तो अजूनही च्येच म्हणायचा. त्यानं वाचलं, “‘सत्त्याऐंशीच्या भूकंपानंतर त्यांनी प्रथम स्वतःचं घर काँक्रीटच्या पायाला बोल्टनं बांधलं आणि मग शेजाऱ्यांची एकशे बेचाळीस घरं, शनिवार-रविवारी, मोबदला न घेता.’ बरं वाटतंय ना?”

“बरं वाटतंय,” सूयिन म्हणाली.

बोळातल्या कपाटातले कोट तिनं बाजूला सारले आणि जमिनीतली झडप उचलली. टॉर्च खिळ्याला टांगलेली होती. पॅड मात्र हाताला लागेनात. बा सरपटत आत कुठे तरी काढून ठेवत असे. ती खाली उतरली.

घराखाली दोन फुटांची पोकळी होती. इथली जुनी घरं अशीच: भोवती काँक्रीटचा बुटका पाया, पायावर आडवी लाकडी तुळई, तुळईवर गुडघाभर उंचीच्या भिंती आणि त्यांवर घर. बा जेवताना दोन पुस्तकं एकमेकांवर ठेवून खालचं झटकन ओढायचा. वरचं पडायचं. ‘जमीन जाते, घर राहायला बघतं. बोल्ट नसेल तर घर पायावरून उतरतं.’ काउंटीच्या शाळांच्या इमारती तपासण्याची नोकरी पाच दिवस करून सहाव्या दिवशी तो लोकांच्या घरांखाली पोटावर सरपटत जायचा, काँक्रीटमध्ये भोकं पाडून बोल्ट ठोकायचा, बुटक्या भिंतींना प्लायवूड मारायचा. सूयिन बारा वर्षांची असताना शेजारच्या कास्तान्येदाबाईंच्या घराखाली तिनं त्याच्यासाठी टॉर्च धरली होती. दर चार फुटांवर तळहाताएवढी चौकोनी लोखंडी चकती आणि तिच्यावर नट. ते दिसलं की घर सुरक्षित.

पॅड सापडले. परत फिरताना टॉर्चचा झोत तुळईवरून गेला आणि ती थांबली.

चकती नव्हती. चार फूट पुढेही नव्हती, आठ फुटांवरही नव्हती. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, ही पाण्याच्या प्रयोगशाळेतली तिची सवय. ती घराच्या चारही बाजूंनी सरपटत गेली. कोळ्यांची जाळी केसांत अडकली, कोपर खरचटलं. चारही बाजूंना जुनं कोरडं लाकूड काँक्रीटवर नुसतं टेकलेलं होतं. प्लायवूडचा तुकडासुद्धा नव्हता.

डोक्यावर फळ्या वाजल्या. तेंगचा आवाज आला; तो बाच्या फोटोची चौकट घेऊन आला होता आणि कूमा त्याला ती कुठे ठेवू नये ते सांगत होती.

सूयिन झडपेपाशी आली. “तेंग, खाली ये.”

मग काळ्या सुटाचा कोट काढून कोणाच्या तरी हातात देत तेंग खाली उतरला. कुठे हात टेकायचा, कुठे मान वाकवायची, हे त्याच्या अंगाला ठाऊक होतं. दोघं पोटावर आडवी झाली. तिनं टॉर्च तुळईवर धरली आणि काही विचारलं नाही.

“हो,” तेंग म्हणाला.

“कधीपासून माहीत होतं तुला?”

“मी आलो त्याच वर्षापासून. दोनदा ड्रिल घेऊन आलो. बोबो म्हणाले, ज्या घरात इंजिनियर राहतो ते घर थांबू शकतं. आधी ज्यांच्याकडे नाही त्यांचं.” बाला तो बोबो, म्हणजे काका, म्हणायचा.

“आणि तू ऐकलंस.”

“तू कधी त्यांना एखादी गोष्ट ऐकवू शकलीस?”

ओल्या मातीचा वास येत होता. मग तिच्या तोंडून ते निघून गेलं. “माझ्या समारंभालाही तो तसाच आला नाही. घरातली मुलगी थांबू शकते.”

तेंगनं मान तिच्याकडे वळवली. “तुझा प्रबंध त्यांनी बरोबर आणला होता, ठाऊक आहे? आमच्या घरासमोर तंबू होता. अकरा दिवस. आई चौथ्या दिवशी सापडली. मला झोप लागत नव्हती म्हणून ते मोठ्यानं वाचायचे. नळातलं शिसं, गंजाचे थर, सगळं. मला अर्धंअधिक पाठ आहे, कळलं काहीच नाही. एकसष्टाव्या पानावर त्यांनी पेन्सिलीनं गोल केला.”

सूयिननं टॉर्च मातीवर आडवी ठेवली.

“म्हणाले, इथं मायक्रोग्रॅमऐवजी मिलिग्रॅम पडलंय, हजारपट चूक. पण पुढचं उत्तर बरोबर आहे. म्हणजे गणित नीट केलं आणि लिहिताना पोर दमलेली होती. मी म्हटलं, तिला सांगा. म्हणाले, तिला सापडली असणार.”

तिला सापडली होती, प्रबंध दिल्यानंतर आठवड्यानं. चार परीक्षकांपैकी एकाच्याही लक्षात आली नव्हती. तिनं ती दहा वर्षांत कोणालाही सांगितली नव्हती, नवरा होता तेव्हा त्यालाही नाही.

“मा तुला उद्या ताग लावा म्हणते आहे,” थोड्या वेळानं ती म्हणाली.

“वर आल्या आल्या कूमांनी सांगितलं. ‘लावू नका’ असंही सांगितलं.” तो किंचित हसला. “मला नको, सूयिन. मी मागे उभा राहीन, ज्यांच्या घरांना बोल्ट लावले त्या लोकांत. तिथं सगळे माझ्या ओळखीचे आहेत. निदान त्यांच्या घरांचे खालचे भाग तरी.”

दोघं वर आली तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना आणि कोपरांना लागलेली माती पाहून कूमाने कपाळाला हात लावला. सूयिननं पॅड टेबलावर ठेवले आणि जसं होतं तसं सांगितलं. आपलं घर पायाला बांधलेलं नाही; चारही बाजू पाहिल्या.

रेमंड उभाच राहिला. “पंचवीस वर्षं?” तो तेंगला म्हणाला. “पंचवीस वर्षं तुला माहीत होतं, आणि दर नववर्षाला इथं बसून डंपलिंग खाताना तू एकदाही बोलला नाहीस? माझी पोरगी इथं उन्हाळाभर राहिली आहे. याला ताग? माझा शब्द मागे घेतो, कूमा. मा, तू परवा माझ्याबरोबर पोर्टलंडला येतेस. विषय संपला.”

तेंगनं मान खाली घातली. “माझं चुकलं,” तो म्हणाला. सबब सांगितली नाही.

“त्याला कशाला बोलतोस?” मा म्हणाली. “मला एकतीस वर्षं माहीत आहे.”

सगळे तिच्याकडे पाहू लागले. तिनं सुई पिनकुशनमध्ये खोचली.

“फोन कोण घ्यायचं या घरात? तो दिवसभर कामावर. बायका फोन करायच्या. मी विचारायचे, घरात म्हातारं कोण आहे, तान्हं कोण आहे, धुराडं विटांचं आहे का. त्यावरून यादी मी लावायचे. त्याला कुठे कळत होतं कोणाचं आधी? शनिवारी उठून विचारायचा, ‘पुढचं कोण?’ मी सांगेन त्या घरी जायचा. एकशे बेचाळीस वेळा विचारलं त्यानं. एकदा मी ‘आपलं’ म्हटलं असतं तर मुकाट्यानं खाली उतरला असता.”

“मग म्हटलं का नाहीस?” रेमंडचा आवाज खाली आला होता.

“फोनवर माणूस बोलत असतो, रेमंड. घाबरलेला असतो. आपलं घर कधी फोन करत नाही.”

सूयिन आईच्या हातांकडे पाहत होती. बाच्या उदारपणाबद्दल या घरात कितीतरी बोललं गेलं होतं, कौतुकानं आणि रागानंही. त्याची यादी कोणाच्या अक्षरात आहे, हे तिनंसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. आणि तिची खोली तेंगला द्यायची, हे पहिल्यांदा कोणाच्या मनात आलं असेल, हा प्रश्न तिला पंचवीस वर्षांत आज पहिल्यांदा पडला. तिनं तो विचारला नाही.

“तो लहानपणापासून असाच,” कूमा अचानक म्हणाली. “दहा वर्षांचा होता. शेजारच्या पोराला बूट नव्हते म्हणून बूट देऊन आला. सगळे म्हणाले, किती दिलदार मुलगा. बूट माझे होते.”

रेमंडच्या नाकातून हसू फुटलं, आणि मग त्यानं तळव्यांत तोंड लपवलं. त्याचे खांदे हलत होते. नऊ दिवसांत तो पहिल्यांदाच रडत होता. कूमा उठली, त्याच्यामागे जाऊन उभी राहिली आणि त्याच्या पाठीवर थोपटत राहिली.

“रविवारी मी दोन माणसं घेऊन येतो,” तेंग म्हणाला. “दोन दिवसांचं काम आहे.”

“सुतकात?” कूमाचा हात थांबला. “एकोणपन्नास दिवस घरात हातोडा लागत नाही. दर सातव्या दिवशी त्याचा आत्मा घरी येणार. ठोकाठोक ऐकून बिचकेल, परत फिरेल.”

“ठोकाठोक ऐकून बिचकेल? तो?” मा म्हणाली.

कूमा पुन्हा खुर्चीत बसली. “रविवारी मी देवळात जाणार आहे. उशिरा येईन. मी काही ऐकलं नाही.”

रेमंडनं डोळे पुसून लॅपटॉप ओढला. “चरित्रातलं ते वाक्य काढतो.”

“काढू नकोस,” सूयिन म्हणाली. “दुरुस्त कर. एकशे बेचाळीस घरं पायाला बांधली, स्वतःचं राहिलं. आणि यादी मानं केली, तेही लिही.”

“ते कशाला?” मा म्हणाली. पण ‘नको’ म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी साडेनऊलाच अंत्यविधीच्या सभागृहाबाहेर गाड्या लावायला जागा उरली नव्हती. कास्तान्येदाबाई तीन पिढ्या घेऊन आल्या होत्या. काउंटीतले निवृत्त इंजिनियर, चर्चमधलं कोरियन जोडपं, ज्यांची नावं कोणालाच आठवत नव्हती अशी कितीतरी माणसं; ती एकमेकांना नावं न सांगता रस्ते सांगत होती. ‘आम्ही मारेंगो रस्त्यावरचे, एकोणनव्वदचे.’ ‘आमचं चौऱ्याण्णवनंतर झालं, धुराडं पडलं तेव्हा.’ तेंग त्यांच्यातच भिंतीला टेकून उभा होता.

आत शवपेटीपाशी मानं तिन्ही पट्ट्या सूयिनच्या हातात दिल्या. बोलल्याप्रमाणे ती काही बोलली नाही. कूमा फक्त बघत होती. रेमंडनं सवयीनं डावा हात पुढे केला, कारण बहिणीनं त्याला लावायची होती.

“थांब,” सूयिन म्हणाली.

ती खुर्च्यांच्या रांगांमधून मागे चालत गेली. माणसं बाजूला झाली. तेंगनं तिच्या हातातल्या पट्ट्या पाहिल्या आणि मान हलवली.

“सूयिन, मी काल म्हटलं ना. मी इथं बरा आहे. आणि तू स्वतःच्या हातानं मला लावलीस तर—”

“मी लावणार नाही,” ती म्हणाली. “धाकटी थोरल्याला लावत नाही. तुझी मा लावेल. रेमंडची तू लावायचीस. माझीही.”

तिनं तिन्ही पट्ट्या त्याच्या तळहातावर ठेवल्या आणि डावा हात पुढे धरला. तो तसाच उभा राहिला. आजूबाजूचे लोक बोलायचे थांबले होते. पुढे मधल्या वाटेच्या टोकाला मा उभी होती. ती तिथून हलली नाही.

“लवकर कर,” सूयिन हळूच म्हणाली. “लोक थांबलेत.”

काँक्रीटमध्ये भोकं पाडणाऱ्या त्याच्या बोटांना पिन उघडता येईना. उघडली तेव्हा काळ्या कापडातून ती तिच्या दंडात टोचली. तिनं हात मागे घेतला नाही. दुसऱ्या खेपेला पिन नीट बसली. त्यानं तागाचा चौकोन बाहेरच्या बाजूला येईल असा फिरवला, थोडा मागे सरकून तो सरळ आहे का ते पाहिलं आणि पुन्हा एकदा नीट केला.

दोघं पुढे गेली. मानं तेंगला वाकायला लावून त्याची पट्टी बांधली. मा त्याच्या खांद्यापर्यंतही पोचत नव्हती. रेमंडनं हात पुढे केला तेव्हा दोघेही एकमेकांकडे न बघता उभे होते. मग रेमंड म्हणाला, “रविवारी मलाही एक ड्रिल दे.” तेंगनं मान डोलावली आणि पिन लावली.

कूमाने बाचा फोटो उचलला. सूयिनकडे एकदा पाहिलं, आणि तेंगच्या हातात दिला.

“सरळ धर,” ती म्हणाली. “आणि ते वाकतात तेव्हा वाकायचं. आधी नाही.”

दहा वाजता पुकारा झाला. कास्तान्येदाबाई पहिल्या आल्या, काठी नातीकडे देऊन तीनदा वाकल्या. शवपेटीला लागून असलेल्या जागी तेंग उभा होता. सूयिन त्याच्या डावीकडे, एक माणूस मावेल एवढी जागा सोडून, आणि तिच्यापलीकडे रेमंड. तेंग वाकल्यावर ती वाकली.